सोनाराची पोढी, लोहाराची वाट

मेट्रोच्या डब्यात ‘मागाठाणे’ हे स्टेशन पुकारलं जातं तेव्हा कुणी मान वर करत नाही. उतरणारे दाराशी सरकतात, बाकीचे मोबाइलमध्ये असतात. बोरिवली पूर्वेचं हे नाव मुंबईला ठाऊक आहे ते बेस्टच्या आगारामुळे आणि विधानसभेच्या मतदारसंघामुळे. नाव मात्र फार जुनं आहे. खिडकीतून पूर्वेला जो हिरवा डोंगर दिसतो, त्यातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांमधल्या एका शिलालेखात ते ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे. ‘मागलठाण’ गावातलं एक शेत डोंगरावरच्या मठाला दान दिल्याची ती नोंद. शेत गावानं कसायचं, उत्पन्न डोंगरावर जायचं आणि त्यातून मठाचा खर्च भागायचा. अशा ठेवीला त्या काळी ‘अक्षयनीवि’ म्हणत. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न वापरायचं.

बहुतेकांना ही धर्माची गोष्ट वाटते. मला ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातली ओळ वाटते. भांडवली खर्च कुणी केला, देखभालीचा पैसा कुठून येणार, तो किती काळ पुरणार, एवढं सगळं तिच्यात आहे.

प्राचीन काळातली नगरव्यवस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातली दोन चित्रं येतात. एक मोहेंजोदडोच्या गटारांचं, दुसरं रोमच्या कमानींवरून पाणी नेणाऱ्या जलसेतूंचं. रोमचा डंका सगळ्या भूमध्य समुद्राभोवती वाजत होता, त्याच शतकांत बोरिवलीच्या डोंगरात पाथरवटांच्या छिन्न्या चालू होत्या. दोन्हीकडचा प्रश्न एकच होता: एका जागी दाटीनं राहणाऱ्या माणसांना बारा महिने पाणी कसं द्यायचं? दोन्हीकडची उत्तरं मात्र वेगळी निघाली. ती समजून घ्यायला मी या पावसाळ्यात पुन्हा कान्हेरी चढलो.

खाली बघत चालणं

कान्हेरीला जाणारा माणूस वर बघत चालतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती आहेत. सगळे फोटो तिथेच निघतात. मी ठरवून खाली बघत चाललो.

खाली बघितलं की कान्हेरी वेगळीच दिसते. खडकाच्या पाठीवर बोटभर, वीतभर रुंदीचे चर खोदलेले दिसतात. ते वेडेवाकडे वाटतात. पाऊस पडायला लागला की ते कुठे निघालेत ते कळतं. लेण्याच्या कपाळावर पडलेलं पाणी दारावर गळू नये म्हणून ते कडेला वळवलेलं आहे, आणि कडेनं उतरून ते अंगणाच्या एका बाजूच्या टाक्यात पडतं. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं. पोट खडकाच्या आत पसरलेलं, त्यामुळे पाण्याला ऊन लागत नाही, शेवाळ कमी धरतं, वाफ होऊन उडून जाणारं पाणीही थोडं. पुढे ओसरी, आत खोली, खोलीत निजायला दगडी ओटा, दाराशी स्वतःचं टाकं: एका विहाराचा हा साधारण नकाशा. ‘वन आर के विथ वॉटर’ म्हणावं असा.

अशी शंभराहून अधिक लेणी या डोंगरात आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि वस्ती हजारभर वर्षं टिकली. प्रार्थनेला चैत्यगृह आहे. अकराव्या लेण्यात एकत्र बसायला लांबच लांब दगडी बाकं आहेत. लोक त्याला दरबार म्हणतात. दिवंगत आचार्यांच्या स्तूपांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. लेण्यांना जोडणाऱ्या खडकात कोरलेल्या पायऱ्या म्हणजे तिथले रस्ते. दरीतल्या ओढ्यावर जुन्या बांधाचे अवशेष आहेत. घर, सभागृह, स्मशान, रस्ता, पाणी हे सगळं जिथे योजून केलेलं असतं, त्याला आपण एरवी शहरच म्हणतो.

आणि पाऊस! उपनगरांत वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर मोजला गेला. एवढं पाणी चार महिन्यांत अंगावर येतं आणि उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. कान्हेरीच्या माणसांनी पाणी लांबून आणण्याचा विचार केला नाही. डोक्यावर पडतं ते धरायचं, आणि धरलेलं झाकून ठेवायचं.

नावानिशी पाणी

लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलेलं आहे. मराठी इतिहासाच्या पुस्तकांतून हा शब्द अजून भेटतो, बोलण्यातून गेला. पोढीजवळ बऱ्याचदा एक-दोन ओळींचा लेख असतो आणि त्यात ती कुणी दिली ते लिहिलेलं असतं. कल्याणचा सोनार सामिदत्त याची एक पोढी आहे. सोपाऱ्याचा व्यापारी सामिक याची एक. आणि मला सगळ्यांत आवडणारा लेख कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचा. त्यानं टाकं दिलं नाही, लेणं दिलं नाही, मूर्तीही दिली नाही. त्यानं ‘पथ’ दिला. वाट.

त्या लोहाराचं मन मला कळतं असं वाटतं. कल्याणहून निघून तो डोंगर चढून आला असेल, घसरला असेल, पुढच्यानं घसरू नये म्हणून पदरमोड केली असेल. आजही कल्याणहून बोरिवलीला थेट लोकल नाही. दादरला उतरायचं, जिना चढायचा, पुलावरून पश्चिम रेल्वेकडे जायचं. ठाणे आणि बोरिवली यांच्यामध्ये हाच डोंगर आडवा बसलेला आहे. आता त्याच्या पोटातून जुळे बोगदे खणले जात आहेत. नंदाच्या वाटेचंच हे पुढचं प्रकरण, फक्त त्यात कुणा एकाचं नाव कोरायला जागा नाही.

हे लेख वाचता येतात ते अनेक पिढ्यांच्या कष्टांमुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासकांनी आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या अक्षरांवर काम केलं. इंद्रजींनीच १८८२मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीचे लेख एकत्र करून १९९१मध्ये ग्रंथ केला. त्या लेखांत सोनार आहे, लोहार आहे, व्यापारी आहेत, त्यांच्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत. नावांपुढे गावं आहेत: कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि अलिबागचा रस्ता एकदम डोळ्यांपुढे येतो.

यांच्याकडे पैसा आला कुठून? त्याचं एक टोक थेट रोमला जातं. इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही बंदरं ओळीनं येतात. कल्याणबद्दल त्याची तक्रारही आहे: पूर्वी इथे व्यापार रीतसर चालायचा, आता एखादं ग्रीक जहाज चुकून इथे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. दख्खनचे सातवाहन आणि गुजरातचे क्षत्रप यांची ही जकातीची मारामारी होती. घारापुरीला रोमन मद्याच्या रांजणांची खापरं सापडली आहेत. म्हणजे सामिकाच्या सोपाऱ्याला रोम हे पुस्तकातलं नाव नव्हतं. ते गिऱ्हाईक होतं.

राणीचं टाकं आणि वडिलांचं धरण

पाचव्या लेण्याजवळच्या पोढीवरचा लेख तुटका आहे, पण जेवढा उरला आहे तेवढा एका कादंबरीचा ऐवज आहे. त्यात एका राणीचा उल्लेख येतो. ती सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीची पत्नी, क्षत्रपांच्या कार्दमक कुळातली, महाक्षत्रप ‘रु…’ याची मुलगी. नावाचं पहिलंच अक्षर राहिलं आहे. बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. आणि टाकं दिलं आहे शतेरक नावाच्या विश्वासातल्या अमात्यानं.

आता रुद्रदामनाचा स्वतःचा लेख बघा. तो गिरनारच्या पायथ्याशी आहे, शक ७२ म्हणजे इसवी सन १५०च्या सुमाराचा. विषय धरण! सुदर्शन तलावाचा बांध वादळी पावसात फुटला. त्या लेखात तलावाचा जुना इतिहास दिला आहे. चंद्रगुप्त मौर्याचा ‘राष्ट्रीय’ म्हणजे प्रांताधिकारी पुष्यगुप्त यानं तो बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्यानं त्याला पाट काढले. फुटलेला बांध पुन्हा घालावा की नाही यावर रुद्रदामनाच्या मंत्र्यांनी हात झटकले. भगदाडच तेवढं मोठं होतं. तेव्हा सुविशाख नावाच्या अमात्यानं ते काम पार पाडलं. प्रजेवर नवा कर किंवा वेठ न लादता, राजाच्या खजिन्यातून खर्च केला, हे लेखात आवर्जून सांगितलं आहे. याच लेखात रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा नाश केला नाही.

ते जवळचं नातं कान्हेरीच्या टाक्यावर लिहिलेलं असावं. मुलीचं सासर आणि माहेर समुद्रकाठच्या जकातीसाठी लढत होतं. वडिलांच्या मुलखात फुटलेलं धरण एका अमात्यानं बांधलं, तिच्या मुलखात एका अमात्यानं डोंगरावर टाकं खोदवलं. आपल्या आठवणीत लढाया राहतात. पाणी अडवल्याचे कागद मात्र दोन्ही घरांनी दगडात ठेवले.

रोमचा चावीवाला

रोमचा मार्ग मुंबईकराला जास्त ओळखीचा वाटेल. शहराची वस्ती वाढली, टायबर नदी आणि विहिरी पुरेनात, मग इसवी सनापूर्वी ३१२मध्ये आप्पियस क्लॉडियसनं पहिला जलमार्ग बांधला. पुढच्या पाच शतकांत असे अकरा झाले. इसवी सनापूर्वी १४४च्या ‘अक्वा मार्सिया’ची लांबी ९१ किलोमीटर होती. बहुतेक वाट जमिनीखालून. प्रसिद्ध कमानी हा त्यातला थोडाच भाग. पंप नाही, मोटार नाही, फक्त उतार.

मुंबईनंही हेच केलं. विहिरी-तलावांवर भागेना म्हणून हेन्री कॉनिबिअरच्या योजनेतून १८६०मध्ये विहार तलाव झाला, १८७९मध्ये तुळशी, १८९२मध्ये नव्वद-शंभर किलोमीटरवरचं तानसा. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर धरण झालं, त्याला शहराचे अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव मिळालं: मोडकसागर. मग भातसा, मग २०१४मध्ये मध्य वैतरणा. आज सात तलावांतून शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत, कान्हेरीच्याच डोंगरात, आणि त्यांचा वाटा जेमतेम तीन टक्के.

रोमच्या या कारभाराची आतली गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे फ्रॉन्टिनस. इसवी सन ९७मध्ये सम्राट नेर्व्हानं त्याला पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. आपल्या हाताखालचे लोक आपल्याला गुंडाळतील म्हणून त्यानं आधी स्वतः सगळं मोजलं आणि पुस्तकच लिहिलं. उगमाशी मोजलेलं पाणी आणि शहरात वाटलेलं पाणी यांचा मेळ बसेना. शोधल्यावर कळलं, की कर्मचारीच नळांना भोकं पाडून पाणी विकत होते. जमिनीखालून चोरनळ्या गेलेल्या होत्या. नव्या धारकाला नवी जोडणी दिली की जुनं भोक बुजवत नसत, ते विकायला राहायचं. पाणी किती सोडायचं हे ठरवणारी काशाची तोटी शिक्का मारलेली असे, तिच्यातही मापाचा घोळ. हे पुस्तक मुंबईच्या कुठल्याही वॉर्ड ऑफिसमध्ये ठेवलं तर कुणाला परकं वाटणार नाही.

फ्रॉन्टिनसच्या खात्यात ७०० गुलाम होते. त्यांत मुकादम, वाटणी-टाक्यांचे राखणदार, फिरते तपासनीस, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे असे हुद्दे. टाक्यांच्या राखणदारांबद्दल वाचताना मला मुलुंडचा आमचा चावीवाला आठवला. माझं लहानपण तिथल्या चाळीत गेलं. पहाटे साडेचारला सायकलवर लांब लोखंडी चावी आडवी टाकून तो यायचा, रस्त्यातलं झाकण उघडायचा, चावी फिरवायचा. मग सगळ्या चाळीत नळांना खोकला लागायचा, आधी हवा, मग तांबूस पाणी, मग पाणी. आई पिंप भरायची, मी कळश्या. तासाभरात धार करंगळीएवढी व्हायची. कुणी लपूनछपून मोटार लावली की वरच्या मजल्यावरून शिव्या यायच्या. आमचा पत्ता सांगताना वडील नेहमी म्हणत, ‘पाइपलाइनच्या अलीकडे’. तानशाहून येणारे ते माणसाहून उंच नळ घाटकोपरपर्यंत कित्येकांच्या पत्त्यात असेच बसलेले आहेत. नळ दाराशी, पाणी तासभर.

रोममध्येही हेच. इन्सुला म्हणजे चाळवजा इमारती. पडझड आणि आगी इतक्या, की ऑगस्टसनं उंची ७० फुटांवर रोखली, ट्रेजननं ६० फुटांवर. वरच्या मजल्यांवर नळ नसे. गरिबाला रस्त्यावरच्या हौदावरून घागर भरून जिने चढावे लागत. पण हौद होते, आणि पुष्कळ होते. इसवी सनापूर्वी ३३मध्ये अग्रिप्पानं एका वर्षात ७०० हौद बांधल्याची नोंद आहे. घरात खासगी नळ हवा तर सम्राटाची परवानगी लागे. ती माणसाला मिळे, घराला नाही; घर विकलं की नळ संपला.

नळ कुणाला मिळावा हा वाद मुंबईला नवा नाही. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना जोडणी नाही, असा इथला नियम होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. अग्रिप्पाला हे पटलं असतं असं वाटतं.

एक घाव आणि शंभर टाकी

रोमची व्यवस्था दिसायला भव्य होती. तिचा दुबळेपणा इसवी सन ५३७मध्ये उघडा पडला. गॉथांनी शहराला वेढा घातला आणि जलमार्ग तोडले. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या, स्नानगृहं कोरडी पडली. कान्हेरीत तोडायला अशी एक नाडी नव्हतीच. एक टाकं फुटलं तर एका लेण्याची गैरसोय. बाकी शंभर टाकी भरलेलीच.

अर्थात, याचं गोड गाणं करण्यात अर्थ नाही. कान्हेरीत अंघोळीपुरतं पाणी लागणारे, एकवेळ जेवणारे भिक्षू होते. आपण सव्वा कोटी आहोत, टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर फ्लश ओढणारे. पोढ्यांवर अंधेरी चालणार नाही. पण तानशाचा नळ फुटला की अर्ध्या उपनगराला कोरडे नळ, हे आपण दर वर्षी अनुभवतो. लांबून आणलेल्या पाण्याला शेजारच्या साठ्याचा आधार हवा, एवढं तरी डोंगर शिकवतोच.

या शहरानं आपल्या जुन्या लेण्यांचं काय झालं तेही बघून घ्यावं. अंधेरीची महाकाली लेणी आता कंपन्यांच्या पत्त्यातलं ‘महाकाली केव्ह्ज रोड’ झाली आहेत. जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या शैव लेण्याला घरांनी चारी बाजूंनी वेढलं आहे, आणि ज्या खडकात एकेकाळी पाणी बाहेर ठेवण्याची योजना होती, त्यातून आज गळती आत येते. कान्हेरी वाचली ती विहार-तुळशीमुळे, असं म्हटलं तर चूक होणार नाही. तलावांचं पाणलोट राखायचं म्हणून जंगल राखलं गेलं, आणि जंगलानं लेणी राखली. पाण्यासाठी खोदलेलं पाण्यासाठीच टिकलं.

झाकण

चैत्यगृहाच्या लेखात दोघा व्यापारी भावांबरोबर पाथरवटांचा, दगड घासून गुळगुळीत करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. पण पोढ्या दर वैशाखात उपसून गाळ कुणी काढला, चर कुणी मोकळे केले, त्यांचा लेख नाही. फ्रॉन्टिनसच्या सातशेंतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. माझ्या लहानपणीच्या चावीवाल्याचंही नाव मी कधी विचारलं नाही. देणाऱ्याचं नाव दगडावर राहतं, राखणाऱ्याचं राहत नाही. आणि टाकं मात्र राखणाऱ्यावरच चालतं. कान्हेरीतली माणसं गेली तशी बरीच टाकी मातीनं भरत गेली, खडकाला तडा न जाताही.

मुंबईत २००२मध्ये एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची झाली. आमच्या बोरिवलीतल्या सोसायटीलाही ती असणार, नाहीतर ताबा मिळाला नसता. कान्हेरीहून आल्यावर मी कमिटीत विचारलं, आपला खड्डा कुठे आहे? चेअरमन म्हणाले, सेक्रेटरीला माहीत असेल. सेक्रेटरींनी फाइल काढली. नकाशा होता, त्यावर बाणही होता, पण बाणाच्या टोकाला आता पार्किंग आहे. लॉबीत संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर आजवरच्या पदाधिकाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. रंगकाम कुणाच्या कारकिर्दीत झालं तेही.

शेवटी रात्रपाळीच्या वॉचमनला विचारलं. तो काही न बोलता जिन्याखाली गेला, दोन बंद पडलेल्या स्कूटर बाजूला ओढल्या, पायानं माती सारली. खाली लोखंडी झाकण होतं. त्यानं पहारीनं ते उचललं आणि टॉर्च आत धरला. खड्डा गाळानं काठोकाठ भरलेला होता. म्हणाला, मागच्या जूनमध्ये वरचा गाळ मीच काढला होता साहेब, पाणी तुंबून मीटर रूममध्ये जात होतं म्हणून.

त्या रात्री मी त्याला पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.